पंधरा अंकांची शिस्त
भ्रमणध्वनी संचाचा ओळख क्रमांक : प्रमाणक आणि प्रत्यक्ष व्यवहार

आठवडी बाजाराच्या गर्दीत, एस.टी. स्थानकावर किंवा यात्रेत एखाद्याचा भ्रमणध्वनी संच हरवतो. तो गृहस्थ पोलीस ठाण्यात जातो. तेथे त्याला दूरध्वनी क्रमांकाबरोबर आणखी एक क्रमांक विचारण्यात येतो. हा क्रमांक म्हणजे संचाचा आयएमईआय, अर्थात त्या यंत्राचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक होय. संचाच्या खोक्यावर किंवा खरेदीच्या पावतीवर तो छापलेला असतो. पावती शोधून तो लिहून दिला की आता हा संच देशात कोठेही चालणार नाही, अशी त्या गृहस्थाची अपेक्षा असते.

ही अपेक्षा रास्त आहे. मात्र कागदावरील हा क्रमांक आणि संच प्रत्यक्ष बंद पडणे यांच्यामध्ये यंत्रांची एक लांबलचक साखळी उभी असते. संच, मनोरा, विनिमय केंद्र, सेवा पुरविणाऱ्या कंपनीची नोंदवही आणि केंद्रीय नोंदवही हे तिचे दुवे होत. हे दुवे वेगवेगळ्या उत्पादकांनी तयार केलेले असतात. या सर्वांनी तो क्रमांक एकाच रीतीने लिहिला आणि वाचला तरच तक्रारीचे चीज होते. एखाद्या यंत्राने लेखनाची रीत थोडी जरी बदलली तरी तोच क्रमांक दुसऱ्या यंत्राला परका वाटू लागतो. ग्रामीण कार्यकर्त्यांना हा अनुभव नवा नाही. जमिनीच्या एका अभिलेखात ‘११२/२’ आणि दुसऱ्यात ‘११२-ब’ असे लिहिले गेले, तर जमीन एकच असूनही शेतकऱ्याला वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागतात. दूरसंचाराच्या क्षेत्रातील अडचणही मूलतः याच स्वरूपाची आहे.

क्रमांकाची घडण

युरोपातील देशांनी १९८० च्या दशकात एकत्र येऊन भ्रमणध्वनीची समान पद्धती आखली. ती पुढे जीएसएम या नावाने जगभर रूढ झाली. या पद्धतीत दोन ओळखी हेतुपुरस्सर वेगळ्या ठेवण्यात आल्या. ग्राहकाची ओळख सिम कार्डात असते, तर यंत्राची ओळख संचात असते. चोराने सिम कार्ड फेकून नवे घातले तरी यंत्राची ओळख कायम राहावी, हा त्यामागील एक महत्त्वाचा हेतू होता. या प्रमाणकांची जोपासना आज थ्रीजीपीपी ही आंतरराष्ट्रीय संघटना करते, तर क्रमांकांच्या वाटपाची व्यवस्था जीएसएमए या संस्थेकडे आहे.

आयएमईआय क्रमांक पंधरा अंकांचा असतो. त्याचे तीन भाग पडतात. पहिल्या आठ अंकांवरून उत्पादक आणि संचाचा नमुना कळतो. पुढील सहा अंक त्या नमुन्यातील विशिष्ट संचाचा अनुक्रमांक दर्शवितात. पंधरावा अंक तपासणीचा असतो. सहा अंकांत ०००००० ते ९९९९९९ असे दहा लाख अनुक्रमांक मावतात. म्हणून एखाद्या नमुन्याचा खप याहून अधिक झाला, तर उत्पादकाला त्याच नमुन्यासाठी आठ अंकी संकेतांक पुन्हा घ्यावा लागतो.

आरंभीचे दोन अंक वाटप करणाऱ्या संस्थेचे असतात. ३५ हे अंक ब्रिटनमधील, ८६ हे चीनमधील, तर ९१ हे भारतातील संस्थेचे होत. त्यावरून संच कोणत्या देशात तयार झाला हे ठरविण्याची प्रथा लोकांत आढळते. परंतु ती बरोबर नाही. हे अंक वाटप करणारी संस्था सांगतात, कारखान्याचे ठिकाण नव्हे.

ही घडणही आरंभापासून अशीच नव्हती. पूर्वी पहिले सहा अंक नमुन्याचे आणि पुढील दोन अंतिम जुळणी करणाऱ्या कारखान्याचे असत. २००३ पासून कारखान्याचे अंक शून्य ठेवण्यात येऊ लागले आणि १ एप्रिल २००४ पासून सर्व आठ अंक नमुन्याच्या संकेतांकात समाविष्ट झाले. अंकांची एकूण संख्या तीच राहिली, अर्थ मात्र बदलला. जुन्या नियमाने वाचणारे यंत्र आणि नव्या नियमाने वाचणारे यंत्र एकाच क्रमांकावरून वेगवेगळे निष्कर्ष काढू शकते, याचे हे एक उदाहरण होय.

पंधराव्या अंकाचे गणित

पंधरावा अंक स्वैरपणे दिलेला नसतो. तो आधीच्या चौदा अंकांवरून काढला जातो. आयबीएम कंपनीतील शास्त्रज्ञ हान्स पीटर लून यांनी १९५४ मध्ये एकस्वासाठी सादर केलेल्या आणि १९६० मध्ये एकस्व मिळालेल्या रीतीवर हे गणित आधारलेले आहे. बँकांच्या कार्डांवरील क्रमांकातही हीच रीत वापरली जाते. शिक्षकांना वर्गात सहज करून दाखविता येईल इतकी ती सोपी आहे.

केवळ उदाहरणासाठी १२३४५६७८९०१२३४ हे चौदा अंक घेऊ. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असा प्रत्येक सम स्थानावरील अंक दुप्पट करावयाचा. दुप्पट दोन अंकी आली तर त्या दोन अंकांची बेरीज घ्यावयाची. याप्रमाणे २ चे ४, ४ चे ८, ६ चे १२ म्हणजे ३, ८ चे १६ म्हणजे ७, ० चे ०, २ चे ४ आणि ४ चे ८ होतात. त्यांची बेरीज ३४ येते. विषम स्थानांवरील १, ३, ५, ७, ९, १, ३ हे अंक आहेत तसे मिळविले असता २९ होतात. एकूण बेरीज ६३ झाली. पुढील पूर्ण दशक ७० असल्याने उणे पडणारे ७ हा तपासणीचा अंक होय. पूर्ण क्रमांक १२३४५६७८९०१२३४७ असा लिहिला जाईल.

कोणी लिहिताना एखादा अंक चुकविला तर गणित जुळत नाही आणि चूक तत्काळ उघड होते. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरीही बहुधा ती कळून येते. केवळ ० आणि ९ यांची अदलाबदल या रीतीला कळत नाही. मात्र तपासणीच्या अंकाचा अर्थ मर्यादित आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. तो लेखनातील चूक दाखवितो, खरेपणाची ग्वाही देत नाही. बनावट क्रमांक तयार करणारासही हे गणित करता येते.

एकच संच, चार लेखनप्रकार

येथवर सर्व सरळ आहे. अडचणीचा उगम पुढील नियमात होतो. तपासणीचा अंक माणसाच्या हातून होणाऱ्या चुका टाळण्यासाठी आहे. म्हणून खोक्यावर, पावतीवर आणि संचाच्या पडद्यावर तो दाखविला जातो. संच जेव्हा दूरसंचार जाळ्याला आपली ओळख सांगतो, तेव्हा मात्र हा अंक पाठवावयाचा नसतो. त्याच्या जागी शून्य पाठवावे, असे प्रमाणक सांगते. म्हणजे कागदावर ७ ने संपणारा क्रमांक जाळ्यात ० ने संपतो. येथे कोणाचीही चूक नसते. नियमच तसा आहे.

जाळ्याने मागणी केली तर संच आपली ओळख सोळा अंकांत देतो. त्या वेळी तपासणीचा अंक नसतोच. चौदा अंकांनंतर संचातील प्रणालीची आवृत्ती दर्शविणारे दोन अंक येतात. प्रणाली अद्ययावत झाली की हे दोन अंक बदलू शकतात. संच तोच, पहिले चौदा अंक तेच आणि शेपूट मात्र वेगळे, अशी स्थिती निर्माण होते.

याखेरीज यंत्राच्या अंतर्गत साठवणीची रीत निराळी आहे. एका बाइटमध्ये दोन अंक बसविले जातात आणि त्यांपैकी आधीचा अंक खालच्या अर्ध्या भागात ठेवला जातो. परिणामी साठवण जशीच्या तशी वाचली तर प्रत्येक जोडी उलटी दिसते. १२ ऐवजी २१, ३४ ऐवजी ४३ असे अंक येतात. अंकांची संख्या विषम असल्यास शेवटची अर्धी जागा ‘एफ’ या पूरक चिन्हाने भरली जाते.

वरील उदाहरणातील एकाच संचाची चार रूपे पुढीलप्रमाणे होतील :

खोक्यावर व पावतीवर : १२३४५६७८९०१२३४७
जाळ्यात पाठविताना : १२३४५६७८९०१२३४०
प्रणालीच्या आवृत्तीसह, उदाहरणार्थ : १२३४५६७८९०१२३४०१
जोड्या न उलटता वाचलेली अंतर्गत साठवण : २१४३६५८७०९२१४३एफ०

जाणकाराला ही चारही रूपे एकाच संचाची आहेत हे उमगते. यंत्राला मात्र ते सांगावे लागते. ज्या यंत्राला ते सांगितलेले नाही, त्याच्या दृष्टीने हे चार स्वतंत्र संच ठरतात.

विचलन कोठे होते

प्रमाणक अनेक पातळ्यांवर लिहिलेले आहे. संच व मनोरा यांतील संभाषणासाठी एक दस्तऐवज, विनिमय केंद्र व नोंदवही यांतील देवाणघेवाणीसाठी दुसरा, चौथ्या पिढीच्या जाळ्यातील नोंदवहीसाठी तिसरा, अशी त्याची विभागणी आहे. जुन्या पद्धतीत क्रमांक आठ बाइटांत बसवावयाचा आणि आवृत्तीचे अंक नसतील तर शेवटी शून्य व पूरक चिन्ह ठेवावयाचे, असा नियम आहे. चौथ्या पिढीच्या जाळ्यात तोच क्रमांक साध्या अक्षरमालेसारखा चौदा अंकांत पाठविला जातो. पंधरावा अंक जोडण्याची मुभा आहे, सक्ती नाही. आवृत्तीचे दोन अंक तेथे वेगळ्या रकान्यात येतात.

अशा ठिकाणी उत्पादकांची यंत्रे प्रमाणकापासून ढळतात. दूरसंचार अभियंत्यांना त्याचे काही प्रकार परिचित आहेत. काही संच शून्याऐवजी खरा तपासणी अंकच पाठवितात. काही विनिमय केंद्रे आलेले शून्य काढून तेथे स्वतः गणित करून तपासणीचा अंक भरतात आणि मग नोंद करतात. काही ठिकाणी सोळा अंकांतील शेवटचा एक अंक कापून उरलेल्या पंधरा अंकांना आयएमईआय मानले जाते. तेव्हा पंधराव्या स्थानी तपासणीचा अंक नसून आवृत्तीचा पहिला अंक येतो. काही यंत्रे जोड्या उलटण्यास विसरतात, तर काही पूरक चिन्हालाच अंक समजतात.

यातील प्रत्येक विचलन स्वतंत्रपणे पाहता क्षुल्लक वाटते. संभाषणात व्यत्यय येत नाही, देयक बरोबर येते, ग्राहकाची तक्रार नसते. यामुळेच ते वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. एकाच उत्पादकाची यंत्रे सर्वत्र असली तर चूक दोन्ही टोकांना सारखीच होते आणि झाकली जाते. दुसऱ्या उत्पादकाचे यंत्र जोडले गेले, किंवा सर्व कंपन्यांच्या नोंदी एका केंद्रीय नोंदवहीत एकत्र आल्या, की ती प्रथमच उघडी पडते.

हा प्रश्न केवळ जीएसएम पद्धतीपुरता नव्हता. भारतात पूर्वी वापरात असलेल्या सीडीएमए संचांना वेगळा ओळख क्रमांक असे. तो षोडशमान पद्धतीने आठ चिन्हांत किंवा दशमान पद्धतीने अकरा अंकांत लिहिता येई. दोन्ही रूपे अधिकृत होती. कोणते रूप लिहिले आहे हे नोंदीत नमूद नसेल तर गोंधळ अटळ होता.

परिणाम कोणाला भोगावे लागतात

प्रमाणकानुसार प्रत्येक जाळ्यात उपकरणांची एक नोंदवही ठेवता येते. तिच्यात पांढरी, करडी व काळी अशा तीन याद्या असतात. पांढऱ्या यादीतील संचास मुभा, करड्या यादीतील संचावर लक्ष आणि काळ्या यादीतील संचास मज्जाव, असा त्यांचा अर्थ आहे. चोरीस गेलेल्या संचाचा क्रमांक काळ्या यादीत जातो.

तक्रारदाराने पावतीवरून ७ ने संपणारा क्रमांक दिला आणि नोंदवहीने पंधराही अंक तंतोतंत जुळविण्याचा हट्ट धरला, तर जाळ्यातून ० ने संपणारा क्रमांक आल्यावर ती ‘हा संच यादीत नाही’ असे उत्तर देईल. संच चोराच्या हाती सुखेनैव चालत राहील. तक्रार नोंदलेली, क्रमांक बरोबर, यंत्रे सुस्थितीत आणि तरीही नागरिकाला दाद नाही, असा हा विचित्र प्रकार होय.

तपासकामातही हीच बाब महत्त्वाची ठरते. एखाद्या संचावरून झालेल्या संभाषणांचा तपशील मागविताना छापील पंधरा अंक जसेच्या तसे दिले गेले आणि कंपनीच्या अभिलेखात शेवटचा अंक शून्य असेल, तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर येऊ शकते. ते खरे असते, परंतु अपुरे असते. म्हणून पहिल्या चौदा अंकांवरून शोध घेणे हा बिनधोक मार्ग होय. हे चौदा अंकच संचाची खरी ओळख आहेत.

दुसऱ्या बाजूचा धोकाही गंभीर आहे. क्रमांक एकमेव नसेल तर निरपराध व्यक्तीवर संशय येऊ शकतो. उत्तर प्रदेशातील मेरठ येथे २०२० मध्ये पोलीस तपासात तेरा हजारांहून अधिक संच एकाच आयएमईआय क्रमांकावर चालत असल्याचे निष्पन्न झाले. एका पोलीस कर्मचाऱ्याचा संच दुरुस्तीहून परत आल्यावर त्याचा क्रमांक खोक्यावरील क्रमांकाशी जुळेना, येथून या तपासाला आरंभ झाला. अशा क्रमांकावर एखादा गुन्हा नोंदला गेला तर हजारो लोकांपैकी नेमका कोणता संच, हे क्रमांकावरून सांगता येत नाही. तो क्रमांक काळ्या यादीत टाकला तर हजारो निर्दोष ग्राहकांचे संच एकदम बंद पडतील. एका ठिकाणची बेशिस्त अशा रीतीने दूरच्या माणसाच्या दारात जाऊन उभी राहते.

भारतातील उपाययोजना

देशात भ्रमणध्वनी सेवेचा आरंभ ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलून त्याचा शुभारंभ केला. पुढील दीड दशकात स्वस्त संचांचा सुळसुळाट झाला. त्यांतील अनेकांना आयएमईआय क्रमांकच नव्हता, तर काहींत सर्व अंक शून्य होते. सुरक्षेच्या दृष्टीने हे धोक्याचे असल्याने केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाने असे संच बंद करण्याचे आदेश दिले. ३० नोव्हेंबर २००९ च्या मध्यरात्रीपासून त्यांची अंमलबजावणी झाली. तत्पूर्वी, अजाणतेपणी असे संच घेतलेल्या ग्राहकांना आपल्या संचात अधिकृत क्रमांक भरून घेण्याची सोय करून देण्यात आली होती.

क्रमांकात फेरफार करण्यास प्रतिबंध करणारे नियम ऑगस्ट २०१७ मध्ये अधिसूचित झाले. १ जानेवारी २०२३ पासून भारतात तयार होणाऱ्या प्रत्येक संचाच्या क्रमांकाची पहिल्या विक्रीपूर्वी शासनाच्या संकेतस्थळावर नोंदणी करणे उत्पादकांना बंधनकारक झाले. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमानुसार ओळख क्रमांकात फेरफार करणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास किंवा पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या दंडास किंवा दोन्ही शिक्षांस पात्र असा गुन्हा आहे. या अधिनियमाखाली नोव्हेंबर २०२४ मध्ये दूरसंचार सायबर सुरक्षा नियमही करण्यात आले.

सर्व कंपन्यांच्या नोंदवह्या एका सूत्रात आणण्यासाठी सी-डॉट या शासकीय संस्थेने केंद्रीय उपकरण ओळख नोंदवही विकसित केली. ती सीईआयआर या नावाने ओळखली जाते. तिचा प्रायोगिक आरंभ सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत झाला आणि महाराष्ट्र, गोवा व दादरा-नगर हवेली या भागांना तिचा लाभ प्रथम मिळाला. मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ या संकेतस्थळाद्वारे ही सोय देशभर उपलब्ध झाली. एका कंपनीच्या जाळ्यात बंद केलेला संच दुसऱ्या कंपनीच्या सिम कार्डावर चालू राहण्याची पळवाट यामुळे बुजली आहे. येथे क्रमांकाच्या एकसारख्या लेखनाचे महत्त्व अनेक पटींनी वाढले, कारण अनेक उत्पादकांच्या यंत्रांतून आलेल्या नोंदी आता एकाच ठिकाणी पडताळल्या जातात.

विचलनावरील तांत्रिक उपाय फारसा अवघड नाही. नोंदवहीत येणारा प्रत्येक क्रमांक प्रथम एका ठरावीक रूपात आणावा, तुलना केवळ पहिल्या चौदा अंकांची करावी, तपासणीचा अंक व आवृत्तीचे अंक वेगळ्या रकान्यांत ठेवावेत आणि मूळ आलेली नोंदही जपून ठेवावी, एवढे पथ्य पाळले तर बहुतेक घोळ टळतात. मात्र घेणाऱ्या यंत्राने सर्व काही सांभाळून घ्यावे आणि पाठविणाऱ्याने मनमानी करावी, हा मार्ग नव्हे. यंत्रसामग्री खरेदी करतानाच क्रमांक कोणत्या रूपात पाठविला जाईल हे करारात स्पष्ट लिहून घेणे, स्वीकृतीच्या चाचणीत खोक्यावरील व जाळ्यातील क्रमांकांचा मेळ घालून पाहणे आणि आढळलेले विचलन उत्पादकाकडून दुरुस्त करून घेणे, हे खरेदीदाराचे कर्तव्य आहे. केवळ ‘प्रमाणकास अनुसरून’ हे शब्द पुरेसे नसतात, कारण प्रत्येक उत्पादक तेच शब्द लिहून देत असतो.

कार्यालयीन नोंदीतील दक्षता

यंत्रांप्रमाणेच कार्यालयांतील तक्तेही या क्रमांकाशी नकळत खेळतात. संगणकावरील हिशेबाच्या तक्त्यात आयएमईआय हा क्रमांक ‘संख्या’ म्हणून भरला तर तो १.२३४५७ई+१४ अशा आखूड रूपात दिसू लागतो. क्रमांकाच्या आरंभी शून्य असेल तर ते गळून पडते. अमेरिकेतील संस्थेमार्फत दिलेल्या संकेतांकांचा आरंभ ०१ ने होत असल्याने असे संच विरळ नाहीत. अशा तक्त्यांत संख्येचे पंधराच अंक अचूक राहतात. सोळा अंकी क्रमांक भरल्यास शेवटचा अंक आपोआप शून्य होतो. आयएमईआय ही मोजण्याची संख्या नसून ते एक नाव आहे. त्याची बेरीज-वजाबाकी कधीच करावयाची नसते. म्हणून तो रकाना प्रथम ‘मजकूर’ या प्रकारात ठेवून मगच क्रमांक भरावेत.

शाळा, ग्रामपंचायती, आरोग्य उपकेंद्रे आणि अंगणवाड्या यांना कामकाजासाठी संच व टॅब्लेट देण्यात येतात. त्यांच्या जडवस्तू नोंदवहीत केवळ कंपनीचे नाव व किंमत न लिहिता आयएमईआय क्रमांकाचाही समावेश असावा. दोन सिम कार्डांच्या संचाला दोन आयएमईआय क्रमांक असतात. ते दोन्ही लिहावेत. संचावर *#०६# ही कळ दाबली असता क्रमांक पडद्यावर येतो. तो खोक्यावरील व पावतीवरील क्रमांकाशी ताडून पाहावा. तीन ठिकाणी एकच क्रमांक असेल तर नोंद पक्की झाली असे समजावे. फरक आढळला तर संच स्वीकारण्यापूर्वीच विक्रेत्याकडे विचारणा करावी.

जुना संच विकत घेणाऱ्यांनी विशेष काळजी घेणे आवश्यक आहे. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, त्यापुढे मोकळी जागा आणि पंधरा अंकी क्रमांक असा लघुसंदेश १४४२२ या क्रमांकावर पाठविला असता संचाची माहिती मिळते. ‘संचार साथी’वरही ही सोय आहे. काळ्या यादीतील किंवा दुहेरी क्रमांकाचा संच स्वस्तात मिळाला तरी तो घेऊ नये.

संच हरवल्यास प्रथम पोलिसांत तक्रार नोंदवावी, सेवा पुरविणाऱ्या कंपनीकडून त्याच क्रमांकाचे नवे सिम कार्ड घ्यावे आणि तक्रारीची प्रत, खरेदीची पावती व ओळखपत्र यांच्या आधारे ‘संचार साथी’वर संच बंद करण्याची विनंती करावी. विनंतीचा जो क्रमांक मिळेल तो जपून ठेवावा, कारण संच परत मिळाल्यावर तो पुन्हा सुरू करण्यासाठी त्याची गरज भासते. ग्रामसभेत किंवा पालकसभेत ही माहिती पाच मिनिटांत सांगता येण्याजोगी आहे. संचाचा क्रमांक वेगळ्या वहीत लिहून ठेवण्याची सवय गावात लागली, तरी पुढचे बरेच कष्ट वाचतील.

वजन-मापांचे प्रमाणीकरण झाले नव्हते तेव्हा एका बाजारातील शेर दुसऱ्या बाजारातील शेराशी जुळत नसे आणि त्याची झळ शेतकऱ्याला सोसावी लागे. आजच्या काळात क्रमांकांच्या लेखनाला तेच महत्त्व आले आहे. मापात खोट असेल तर ती निदान तराजूवर कळते. क्रमांकाच्या लेखनातील खोट मात्र कोणाची तरी तक्रार अनुत्तरित राहीपर्यंत दृष्टीस पडत नाही. प्रमाणक पाळण्याची पहिली जबाबदारी उत्पादकांची आहे, ते पाळले जाते की नाही हे पाहण्याची जबाबदारी सेवा कंपन्यांची व शासनाची आहे. आणि अचूक क्रमांक अचूकपणे लिहून देण्याची जबाबदारी नोंदवहीपुढे बसलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची आहे. या तिन्ही ठिकाणी सारखीच काळजी घेतली गेली, तर बाजारात संच हरवलेल्या त्या गृहस्थाची तक्रार कागदावरच राहणार नाही.